अण्णांच्या टाकीतला उजेड

ऑपरेशनला नेण्याआधी अण्णांनी मला जवळ बोलावलं. खुबा मोडलेला, अंगात तो हिरवा झगा, कवळी काढून माझ्या पर्समध्ये ठेवलेली. डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, आता आईबद्दल काहीतरी बोलतील, नाहीतर निदान एवढं तरी म्हणतील की पोरी, तुझे फार हाल झाले गं. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"लाईट तुझ्याकडं," ते म्हणाले.

"काय?"

"टाकीची लाईट. आजपासून तू बघायचीस. आहे तेवढीच ठेवायची. दुसऱ्या कुणालाही..." तेवढ्यात वॉर्डबॉयनं ट्रॉली ढकलली आणि वाक्याचं शेपूट दारापलीकडं गेलं.

तुम्ही हसाल, पण मिरजेच्या त्या हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी आनंदानं रडले. शेजारच्या बाईंना वाटलं, आमचं कुणीतरी गेलं. त्यांनी मला पाणी दिलं.

हे कळायला आमची टाकी माहीत हवी. अण्णा, म्हणजे माझे वडील वामनराव कारखानीस, वीज मंडळातून इंजिनिअर म्हणून रिटायर झाले. आई गेली त्या वर्षी त्यांनी सांगलीच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत समुद्र आणून बसवला. पाच फुटी काचेची टाकी, मोजून मीठ कालवलेलं पाणी आणि आत जिवंत प्रवाळ. लोक त्याला मासे पाळणं म्हणायचे आणि अण्णा चिडायचे. मासे होते दोनच, तेही तोंडी लावण्यापुरते. खरा जीव प्रवाळांवर. त्यातही एका खडकावर जांभळट लाल चकत्या पसरल्या होत्या, ओल्या मखमलीसारख्या, काठ किंचित दुमडलेल्या. त्यांना अण्णा अळंबी म्हणत. मिरजेचे दातांचे डॉक्टर रणदिवे, अण्णांचे या नादातले एकुलते एक सोबती, त्यांनी नखाएवढा तुकडा दिला होता. त्याचा वाढून अख्खा खडक झाला. पुढं वीज जाऊन रणदिवेकाकांची टाकी एका उन्हाळ्यात साफ मेली. या लोकांची रीत अशी की वाढलं की तुकडा कापून दुसऱ्याला द्यायचा. म्हणजे आपलं मेलं तर त्याच्याकडून परत आणता येतं. काकांनी नवी टाकी लावली होती आणि ते त्या परतीच्या तुकड्याची वाट बघत होते. अण्णा म्हणत, थोडं अजून वाढू दे. सुरी लावायला त्यांचा हात धजत नव्हता.

टाकीचं उरलेलं सगळं मी करायची. काच खरवडायची, आटलेलं पाणी भरायचं, रविवारी बादल्या उचलून पाणी बदलायचं. मुलींच्या शाळेत मी विज्ञान शिकवायची, पण घरात माझी बढती बादलीच्या पुढं गेली नाही. लाईटला हात लावायचा नाही, हा अण्णांचा कायदा. "उजेडाचं तुला कळायचं नाही," म्हणायचे. एकदा फार मागं लागले तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं होतं.

"हे बघ, ह्यांच्या अंगात बारीक शेवाळ राहतं. उजेड खाऊन ते ह्यांच्यासाठी जेवण करतं. उजेड कमी पडला की दोघंही उपाशी. एकदम जास्त झाला की ते शेवाळ आतल्या आत विष करायला लागतं, आणि मग हे लोक स्वयंपाकणीलाच घराबाहेर काढतात. पुढं उपासमार ठरलेली. पण गंमत अशी, की ती बाहेर पडायला लागली की ह्यांचा रंग उघडतो. बघणाऱ्याला वाटतं, काय तेज आलंय!"

"म्हणजे छान दिसलं की घाबरायचं?"

"एकदम छान दिसलं की," अण्णा म्हणाले. त्यांच्या तोंडून मला मिळालेली ती एकमेव शिकवणी.

म्हणून त्या दिवशी रडले. शेहेचाळीस वर्षांची बाई, लग्न राहिलं ते राहिलंच, आणि बापानं ऑपरेशनला जाताना एक बटण हाती दिलं तर माझं पोट भरलं.

चौथ्या दिवशी श्रीरंग आला. माझा धाकटा भाऊ, ह्यूस्टनला असतो. तीन वर्षांनी येत होता. अण्णा पडल्याचं कळल्यावर मिळेल त्या विमानानं निघाला होता, हे मी नाकारत नाही. आल्या आल्या हॉस्पिटलात जाऊन त्यानं अण्णांचे पाय चेपले आणि अण्णा असे हसले की नर्स म्हणाली, आजोबा, आता गोळ्यांची गरज नाही तुम्हाला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर टाकीवरची जुनी नळकांडी गायब होती. त्या जागी एक चपटी, काळी, देखणी वस्तू लटकत होती.

"सरप्राईज!" श्रीरंग म्हणाला. "तिकडचा बेस्ट दिवा आहे, ताई. पूर्ण फोनवर चालतो. अण्णा किती वर्षं त्या अंधारात डोळे फोडतायत."

"जुने दिवे कुठं आहेत?"

"भंगारवाल्याला दिले. काळे पडले होते गं ते."

मी हॉस्पिटलात फोन लावला आणि हळूच अण्णांना सांगितलं.

"माळ्यावर जुनी मच्छरदाणी आहे," ते म्हणाले. "कापून चार पदर कर आणि टाकीवर पसर. आठवड्याला एक पदर काढायचा. त्याला म्हणावं, दिवा पाव उजेडावरच ठेव. सवय लागू दे त्यांना. हळू, हेमा. सगळं हळू करायचं."

"तुम्हीच सांगा ना त्याला."

"तू सांग. तुझ्याकडं दिलंय ना मी?"

मी सांगितलं. श्रीरंगनं ऐकून घेतलं, फोनवर दिवा उतरवला, मच्छरदाणी धरायला मदतही केली. "हनिमूनचा पलंग दिसतोय," म्हणाला. आम्ही दोघं हसलो. लहानपणी हसायचो तसं.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी शाळेतून आले तर अंगणात पाहुण्यांच्या चपला. इस्लामपूरहून आत्या आणि तिची सून आली होती. पुढच्या खोलीत पाऊल टाकलं आणि माझे डोळे दिपले. टाकी भर दुपारच्या उन्हासारखी पांढरी पेटली होती. मच्छरदाणीची घडी सोफ्यावर, तिच्यावर चहाचा ट्रे.

"ये गं हेमा!" आत्या म्हणाली. "इतकी वर्षं ही टाकी बघते, पण आत एवढं काय काय आहे हे आज कळलं बाई. श्रीनं घराचा कायापालट केला."

मी प्लग ओढला. खोलीत अंधारल्यासारखं झालं.

"ताई!" श्रीरंग म्हणाला. "माणसं बघतायत ना."

"अण्णांनी काय सांगितलंय?"

"अगं, समुद्रात काय मच्छरदाणी लावलेली असते का? डोक्यावर सूर्य असतो त्यांच्या."

"ह्यांच्या डोक्यावर बारा वर्षं ट्यूबलाईट होती. माळ्यावरच्या माणसाला एकदम मे महिन्याच्या उन्हात उभं केलं तर काय होईल?"

"झाली हिची शाळामास्तरकी सुरू," आत्या म्हणाली आणि सुनेकडं बघून हसली. "अगं, तो एवढ्या लांबून घेऊन आलाय. जरा कौतुक कर की भावाचं. तुझं ते रोजचंच आहे."

रोजचंच आहे, हे खरं होतं. मी मच्छरदाणी परत पसरली. ते लोक गेल्यावर श्रीरंगला समजावलं, चिडले, शेवटी विनवलं. तो हो हो म्हणाला. वाईट मुलगा नव्हता तो. पण दिवसभर मी शाळेत, दिव्याची चावी त्याच्या फोनमध्ये, आणि गावभरचे नातेवाईक, त्याचे शाळेतले मित्र, त्यांच्या बायका, पोरं असे रोज कोणी ना कोणी त्याला भेटायला येणार. आलेल्याला मच्छरदाणी कशी दाखवायची? मी सकाळी पदर घालायची आणि तो दुपारी काढायचा. संध्याकाळी पुन्हा माझा घातलेला. तो विचारायचा, "काही झालं का त्यांना? बघ की."

आणि खरंच, वाईट काहीच दिसत नव्हतं. अळंबी इतकी सुंदर मी कधी पाहिली नव्हती. जांभळ्याचा गुलाबी झाला, गुलाबीत आतून दिवा लावल्यासारखी चमक आली. शेजारचे पाटणकर मुद्दाम फोटो काढायला आले. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

त्या रविवारी आम्ही दोघं हॉस्पिटलात गेलो. श्रीरंगनं फोन अण्णांच्या पुढं धरला. "अण्णा, बघा तुमचा समुद्र."

अण्णांनी चष्मा मागितला. मी लावून दिला. मी फोनकडं बघत नव्हते, त्यांच्या तोंडाकडं बघत होते. व्हिडिओ सुरू झाला आणि त्यांचे ओठ आत ओढले गेले. त्यांनी बोटानं पडद्यावरचा खडक मोठा करून पाहिला, पुन्हा लहान केला. त्यांना कळलं. ज्या माणसानं मला तो रंग ओळखायला शिकवलं त्याला कळणार नाही तर कुणाला?

"आवडलं?" श्रीरंगनं विचारलं.

"वा," अण्णा म्हणाले. "फक्कड. पैसे बरेच गेले असतील रे तुझे."

"ते सोडा हो."

श्रीरंग डॉक्टरांना भेटायला खाली गेला. मी खुर्ची जवळ ओढली.

"अण्णा, अजून वेळ आहे. तुम्ही एक शब्द बोला त्याला. माझं ऐकत नाही तो, तुमचं ऐकेल. आत्ता दिवा उतरवला तर वाचतील."

"राहू दे."

"राहू दे काय? मरतील सगळी."

"अगं, तो सातासमुद्रापारनं आलाय. आता जायचे दिवस आले त्याचे. जाताना तोंड पाडून जायला नको." त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. "तू कर की काहीतरी. तुझ्याकडं दिलंय ना मी?"

मी काय करणार होते? तरी केलं. सोमवारी शाळेला दांडी मारली आणि टाकीपुढं खुर्ची टाकून बसले. श्रीरंगचं माझ्याशी भांडण झालं. तो म्हणाला, "तुला मी काही आणलेलं बघवत नाही, ताई. अण्णा खूश आहेत, तुझंच पोट दुखतंय." मी म्हणाले, "हो, दुखतंय." मग दोन दिवस आम्ही बोललो नाही आणि दोन दिवस मच्छरदाणी जागेवर राहिली. पण स्वयंपाकीण घराबाहेर पडली होती. गुलाबी फिकट होत होत भाताच्या पेजेसारखं झालं. चकत्या आक्रसल्या. काही खडकावरून सुटून पाण्यात गटांगळ्या खात पंपाच्या तोंडाशी जाऊन अडकल्या. त्या मी हातानं काढल्या. नाकातल्या शेंबडासारखं लागत होतं हाताला. श्रीरंगनं ते पाहिलं आणि खोलीत निघून गेला. त्या दिवसापासून त्यानं कुणाला टाकी दाखवली नाही.

अण्णांना घरी आणलं तेव्हा रणदिवेकाका आधीच येऊन बसले होते. हातात पाण्याचा डबा होता, तुकडा न्यायला. तो व्हिडिओ बघण्याच्या आधी अण्णांनीच हॉस्पिटलातून फोन करून कबूल केलं होतं, घरी आलो की कापू म्हणून. पण काका आमच्या आधी टाकीपुढं गेलेले. आम्ही वॉकर सांभाळत आत आलो तर ते डबा तसाच धरून उभे होते.

"वामनराव," ते म्हणाले, "हे काय?"

अण्णा सावकाश खुर्चीत बसले. त्यांनी टाकीकडं पाहिलं. पांढराफटक खडक, त्यावर चार-दोन चुरगळलेल्या चकत्या, आणि मधून ते दोन मासे ऐटीत फिरत होते. अण्णांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. मला इतकं भरून आलं की श्रीरंगवरचा सगळा राग मी त्या क्षणी सोडून दिला असता. फक्त तेवढं खरं काय ते एकदा कुणीतरी बोलावं.

"नवीन लाईट थेट सोडली यांच्यावर?" काका म्हणाले. "आधी पदर नाही लावले, काही नाही? कुणी केलं हे?"

श्रीरंग माझ्या शेजारी उभा होता. त्यानं खिशात हात घातले.

"हेमानं," अण्णा म्हणाले.

मला वाटलं, पुढं काही असेल. हेमानं सांभाळायचा प्रयत्न केला, हेमानं मला फोन केला होता, असं काही.

"तिला सांगितलं होतं मी पदर लावायला. काढले तिनं." त्यांनी काकांकडं पाहिलं, माझ्याकडं नाही. "लाईट हिच्या हातात द्यायलाच नको होती. माझीच चूक."

काकांनी माझ्याकडं पाहिलं. चांगले गृहस्थ ते. डब्याचं झाकण लावलं फक्त. मी श्रीरंगकडं वळले. एवढंच म्हणायचं होतं त्यानं, की काका, ताईनं नाही. तीन शब्द. मी त्याच्या तोंडाकडं असं पाहत राहिले जसं वर्गात हुशार मुलीला उत्तर येतंय हे माहीत असताना तिच्याकडं बघतात.

तो पुढं आला आणि त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"जाऊ दे ना अण्णा," तो म्हणाला. "नका रागवू तिच्यावर. तिनं काय मुद्दाम केलंय? आधीच तिची इतकी ओढाताण झालीये."

त्यानं मला माफ केलं! मी त्याचा हात खांद्यावरून काढला आणि चहा टाकायला आत गेले. सगळ्यांना दिला. काकांना बिनसाखरेचा लागतो, तो वेगळा केला.

श्रीरंग गुरुवारी गेला. निघताना अण्णांच्या गळ्यात पडून रडला. मलाही म्हणाला, "ताई, झालं गेलं विसर. मी दुसरी अळंबी पाठवतो त्यांना." गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत अण्णा दारात वॉकर धरून उभे. मग मी त्यांना आत आणलं, पाय वर घेतले, उशी दिली.

"अण्णा, एक विचारू?"

"विचार."

"तुम्हाला माहीत होतं कुणी केलं ते."

ते छताकडं बघत राहिले. "होतं की."

"मग माझं नाव का सांगितलंत?"

"अगं, त्याचं सांगितलं असतं तर तो दुखावला असता. आधीच तीन-तीन वर्षं येत नाही. पुढच्या खेपेला म्हणाला असता, जातो कशाला, बोलणी खायला? आलाच नसता मग." ते अगदी साधेपणानं बोलत होते, एखादी वायर इकडची तिकडं का लावली ते सांगावं तसं.

"आणि मी दुखावले तर?"

अण्णांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. त्यांना माझा प्रश्न खरोखरच समजला नव्हता.

"तू कुठं जाणारेस?" ते म्हणाले.

याला उत्तरं आजवर पुष्कळ सुचली आहेत, एकाहून एक झणझणीत. त्यांच्या गोळ्यांची वेळ झाली होती. मी गोळ्या दिल्या.

श्रीरंग पुढच्या खेपेला आला, त्याच्या पुढच्या खेपेलाही आला. हिशोब म्हणून बघितला तर अण्णांचा बरोबर होता. रणदिवेकाकांनी वर्षभरानं बंगळुरूच्या कुणाकडून तरी वेगळ्या जातीचे दोन तुकडे मिळवले, एक स्वतःला, एक अण्णांना. या वेळी पदर अण्णांनी वॉकर धरून उभं राहून स्वतः घातले आणि स्वतः काढले. मी बादल्या उचलत होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला अण्णा जुन्या खडकाची गोष्ट सांगत. चांगली सांगत. प्रत्येक वेळी तिच्यात थोडी भर पडायची. आधी मी नुसते पदर काढले होते. मग दिवाही मीच वाढवला. पुढंपुढं तर श्रीरंग बिचारा फोनवरून मला अडवत होता आणि मी ऐकत नव्हते, असंही आलं. आत्या म्हणायची, "हेमा पहिल्यापासून हट्टीच." लोकांपुढं बापाला खोटं कसं पाडायचं? मी आतून भांडी वाजवायची. मनाशी म्हणायची, लोकांसाठी बोलतात, आम्हा दोघांना तर खरं माहीत आहे ना. तेवढ्यावर मी निभावून नेलं.

अशीच एक दुपार होती, सुट्टीतली. घरात आम्ही दोघंच. अण्णा खुर्चीत पेपर वाचत होते. दिव्यावर धुळीचा थर दिसला म्हणून मी ओलं फडकं घेऊन हात वर केला.

"हेमा! लाईटला हात नको."

"धूळ पुसते आहे."

"काही पुसायचं नाही. एकदा जाळलंस तेवढं पुरे झालं."

मी वळून दाराकडं पाहिलं. कुणीतरी आलं असणार, त्याच्यासाठी बोलले असणार. दारात कुणी नव्हतं, फाटकाला कडी होती. मग मी अण्णांकडं पाहिलं. पेपर मांडीवर पडला होता, गळ्याची शीर ताठ झाली होती, आणि ते माझ्याकडं अगदी मनापासून रागानं बघत होते.